खाणीची जमीन पूर्ववत करायची तर: आराखड्यापासून हमी सुटेपर्यंतचे टप्पे

दगड, वाळू, चिकणमाती किंवा खनिज यांसाठी जमीन वरून उघडून खोदली जाते, तेव्हा परवानगीच्या कागदात बहुतेक वेळा एक ओळ असते: खोदकाम संपल्यावर जमीन पूर्ववत केली जाईल. सह्या होतात आणि काही वर्षांनी तिथे उभे कडे, साचलेले पाणी आणि कशालाच न लागणारी जमीन उरते. दर वेळी यामागे लबाडी असतेच असे नाही. काम शेवटावर ढकलले जाते, हे खरे कारण. माती कुठे ठेवायची, उतारासाठी जागा किती सोडायची, पैसा कुणाच्या हातात राहील, हे पहिले यंत्र जागेवर येण्याआधी ठरले नाही, तर नंतर ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेचे लोक, खाणीसाठी जमीन देणारे मालक आणि लहान खाणचालक या तिघांसाठी हा लेख आहे. नियम देशागणिक वेगळे आहेत. पण माती, पाणी आणि उतार सगळीकडे सारखेच वागतात, म्हणून कामांचा क्रम बदलत नाही.

## टप्पा 1: शेवटी त्या जमिनीचे काय करायचे ते आधी ठरवा

शेती, चराई, वन, पाणसाठा की बांधकाम, यातला एक निर्णय आधी घ्या. एकाच खाणीचे दोन-तीन भाग वेगवेगळ्या कामाला लावता येतात, पण मग कुठला भाग कशासाठी हे नकाशावर दिसले पाहिजे. हा निर्णय झाला नाही तर पुढच्या एकाही आकड्याला आधार राहत नाही. शेतीसाठी जाड मातीचा थर आणि यंत्र चालेल इतका सौम्य उतार लागतो. झाडांसाठी खोल, सैल भर हवी. पाणसाठ्यासाठी काठ सुरक्षित हवा आणि पाण्याची खात्रीची आवक हवी.

इशारा: "तलाव होईल" हे उत्तर पटकन मान्य करू नका. खड्ड्यात पाणी साचले म्हणजे तलाव झाला असे नाही. पाण्याची पातळी वर्षभर कुठून कुठवर जाईल, काठावरून जनावर किंवा मूल आत पडले तर बाहेर कसे येईल आणि पाणी आम्ल होईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे आराखड्यात नसतील तर तो नुसता सोडून दिलेला खड्डा आहे.

## टप्पा 2: आजची जमीन मोजून ठेवा

पूर्ववत म्हणजे नेमके कशासारखे, हे सिद्ध करायला खोदण्यापूर्वीची नोंद लागते. ती नंतर तयार करता येत नाही.

किमान एवढे करा: ठिकठिकाणी हाताने खड्डे घेऊन वरच्या सुपीक मातीची आणि तिच्याखालच्या थराची जाडी मोजा. आजूबाजूच्या विहिरी आणि बोअर यांतल्या पाण्याची पातळी कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही हंगामांत लिहून ठेवा. ओढे-नाले कुठून वाहतात ते नकाशावर घ्या. झाडे-गवत कोणते आणि किती दाट, ते नोंदवा. ठरावीक जागी खुंट्या ठोकून तिथूनच फोटो काढा, म्हणजे पुढची तुलना त्याच जागेवरून होईल.

एक चाचणी सर्रास राहून जाते: खोदून बाहेर येणाऱ्या खडकात गंधकयुक्त खनिज, विशेषतः पायराइट, आहे का? पायराइट जमिनीखाली शांत असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि खडकातले धातू पाण्यात उतरतात. या गंधकाचे प्रमाण 1 टक्का असेल, तर दर 1,000 टन मालातून तयार होणारे आम्ल मारायला शुद्ध चुनखडी सुमारे 31 टन लागते. हा आकडा खर्चात आधी धरला नाही तर नंतर कुणाच्याही हिशेबात बसत नाही. असा थर सापडला तर तो वेगळा काढायचा, पाणी-हवा न लागेल असा पुरायचा आणि कुठे पुरला ते नकाशावर लिहायचे.

तपासा: शेजाऱ्यांच्या विहिरींच्या नोंदीवर शेजाऱ्यांच्याही सह्या आहेत का? पुढे पाणी आटल्याची तक्रार आली तर दोन्ही बाजूंना हाच कागद उपयोगी पडतो.

## टप्पा 3: आराखड्यात शब्द कमी, मापे जास्त

"योग्य उतार", "पुरेशी माती", "स्थानिक झाडे लावली जातील" अशा वाक्यांवरून कुणालाही जाब विचारता येत नाही. आराखड्यात ही मापे हवीत: खोदकामाची कमाल खोली, अंतिम उतार, मातीच्या थराची जाडी, पाण्याचे मार्ग, लागवडीची घनता आणि प्रत्येक भागाचे काम सुरू व पूर्ण होण्याचा काळ. नकाशे किमान तीन: आजचा, खोदकामाच्या मधल्या काळातला आणि शेवटचा. प्रत्येकाबरोबर जमीन उभी कापून दाखवणारे छेद हवेत. नुसता वरून काढलेला नकाशा खोली लपवतो.

सर्वांत महाग चूक इथेच होते, म्हणून थोडे हिशेबाने पाहू. समजा, खड्डा 20 मीटर खोल आहे आणि शेवटी 3:1 उतार हवा आहे, म्हणजे 1 मीटर उंचीला 3 मीटर आडवे अंतर. या उताराला 60 मीटर आडवी जागा लागते. ती दोनच मार्गांनी मिळते. एक तर हद्दीपासून तेवढी जागा न खोदता सोडायची आणि शेवटी तीच कापून उतार काढायचा. नाही तर खड्ड्याच्या आतून भर टाकून उतार बांधायचा. त्याला काठाच्या प्रत्येक धावत्या मीटरमागे 600 घनमीटर माल लागतो. शंभर मीटर काठ म्हणजे 60,000 घनमीटर. खाणचालकाने हद्दीला टेकून सरळ खाली खोदले आणि दगड विकून टाकला, तर ही भर येणार कुठून? शेजाऱ्याची जमीन कापता येत नाही आणि बाहेरून एवढा माल आणणे परवडत नाही. म्हणून "हद्दीपासून किती अंतर सोडले" हा प्रश्न "उतार किती" याच्यासोबतच विचारायचा असतो.

भरीचा हिशेब करताना आणखी एक ध्यानात ठेवा. अखंड खडक फोडला की त्याचे आकारमान सुमारे तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त फुगते आणि भरल्यावर तो पुन्हा काही प्रमाणात बसतो. पण दगडखाणीत बहुतेक माल बाहेर जातो, त्यामुळे फुगवट्यावर विसंबून "खड्डा भरून निघेल" असे लिहिले असेल तर आकडे मागा.

## टप्पा 4: हमीची रक्कम, खोदकामाआधी

चालक उद्या काम सोडून गेला तर त्या दिवशी जमीन सुधारायला स्थानिक संस्थेला किती पैसे लागतील? हमी म्हणजे चालकाने संस्थेकडे आधीच बांधून ठेवायचा पैसा. तिची रक्कम एवढीच आणि याच कसोटीवर काढायची.

अंदाज कमी येण्याची नेहमीची वाट अशी: खाणचालक स्वतःची यंत्रे, ती चालवणारी स्वतःची माणसे आणि फक्त डिझेल धरून आकडा देतो. पण तो निघून गेला तर यंत्रेही जातात. मग संस्थेला बाहेरचा ठेकेदार नेमावा लागतो. त्याची यंत्रे आणण्या-नेण्याचा खर्च, त्याचा नफा, देखरेख, पाणी उपसणे, मेलेली रोपे पुन्हा लावणे आणि वाढते दर, हे सगळे रकमेत हवे. शिवाय मोजणी जास्तीत जास्त उघड्या जमिनीची धरायची, आज उघडी आहे तेवढीच नव्हे.

कॅलिफोर्नियात 1975च्या कायद्याने हे काम मुख्यतः शहरे आणि कौंटी (म्हणजे जिल्हे) यांच्याकडे दिले आहे. तिथे परवाना, पुनर्स्थापनेचा (म्हणजे जमीन पूर्ववत करण्याचा) आराखडा आणि आर्थिक हमी हे तिन्ही मंजूर असल्याशिवाय उघडी खाण चालवता येत नाही, तपासणी वर्षातून किमान एकदा होते आणि हमीच्या रकमेचा दरवर्षी नव्याने आढावा घेतला जातो. दुसरे काही उचलता आले नाही तरी हा वार्षिक आढावा जरूर उचलावा. खाण दरवर्षी मोठी होते. पाच वर्षांपूर्वीची हमी आजच्या खड्ड्याला पुरत नाही.

तपासा:
- हमी स्थानिक संस्थेच्या नावाने आहे का, आणि चालकाच्या संमतीशिवाय वटवता येते का?
- बँक हमीची मुदत संपण्याची तारीख जमीन सुधारण्याच्या कामाच्या आधी येते का? येत असेल तर नूतनीकरणाची अट आणि ते न झाल्यास रक्कम वळती करून घेण्याचा हक्क लिहून घ्या.
- कंपनीचे नुसते वचनपत्र म्हणजे हमी नव्हे. कंपनी बुडाली की तेही बुडते.

जमीनमालकासाठी वेगळे सांगतो: संस्थेकडे हमी आहे म्हणून तुमच्या करारातून पुनर्स्थापनेची अट काढू नका. शेवटचा वापर, मातीची मालकी आणि माती बाहेर विकण्यास मनाई, हे तिन्ही भाडेकरारात स्वतंत्रपणे लिहून घ्या.

## टप्पा 5: माती काढणे आणि सांभाळणे

इथे घाई केली तर पुढचे सगळे कष्ट अर्धे वाया जातात. बियाणे, मुळांना मदत करणाऱ्या बुरशी, जिवाणू आणि सेंद्रिय अंश हे सगळे मुख्यतः वरच्या काही बोटांच्या थरात असते. खाणीत हा थर विकत आणून भरून काढता येत नाही.

5.1 झाडोरा आधी काढा. मोठे लाकूड बाजूला करा, बारीक पाला-फांद्या मात्र मातीसोबत राहू द्या.

5.2 ओली माती हलवू नका. चाचणी साधी आहे: चिमूटभर माती तळहातावर वळा. तिची 3 मिलिमीटर जाडीची वळी तुटल्याशिवाय होत असेल तर माती फार ओली आहे, त्या दिवशी काम थांबवा. ओल्या मातीवरून यंत्र गेले की तिची रचना मोडते आणि ती वर्षानुवर्षे सावरत नाही. (ही चाचणी चिकणमातीचा अंश असलेल्या जमिनीसाठी, निव्वळ वाळूची वळी होतच नाही.)

5.3 थर वेगळे काढा. वरची सुपीक माती एका ढिगात, तिच्याखालची माती दुसऱ्या, खडकाचा निरुपयोगी माल तिसऱ्या. एकदा मिसळले की चाळून वेगळे होत नाही. खाणचालकाला एकाच पोकलेनने एकाच वेळी सगळे उचलणे सोपे वाटते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस कुणीतरी जागेवर उभे राहून पाहणे गरजेचे असते.

5.4 ढिगाची जागा आधी मोजा. एका हेक्टरवर 30 सेंटिमीटर जाडीची माती म्हणजे 3,000 घनमीटर. सुपीक मातीचा ढीग साधारण 2 ते 3 मीटरपेक्षा उंच करू नये; आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जीव मरतात. म्हणजे एका हेक्टरच्या मातीला ढिगासाठी हजार-दीड हजार चौरस मीटर किंवा जास्त जागा हवी. नकाशात ती दाखवलेली नसेल तर माती अखेर वाटेत येते आणि कुठेतरी ढकलली जाते.

5.5 ढिगावर लगेच गवत किंवा शेंगवर्गीय पीक पेरा, पायथ्याशी पाणी वळवणारा चर काढा, "वरची माती, हलवू नये" असा फलक लावा आणि ढिगावरून वाहतूक बंद ठेवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे ढीग न करताच माती थेट वापरणे. एका भागाची माती काढायची आणि आधीच खोदून, उतार देऊन तयार झालेल्या भागावर त्याच हंगामात पसरायची. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जाराह वनांमधल्या बॉक्साइट खाणींत ही पद्धत वापरली गेली, कारण ताज्या मातीतले बी जिवंत असते आणि साठवलेल्या मातीपेक्षा जास्त जातींची झाडे उगवतात. त्यासाठी मात्र खाण तुकड्यातुकड्याने चालली पाहिजे.

## टप्पा 6: पुढे खोदा, मागे भरा

एका वेळी किती हेक्टर उघडे ठेवता येईल याची मर्यादा परवान्यातच घाला. दुसऱ्या भागाला सुरुवात करायची असेल तर पहिल्या भागाचा उतार आणि माती पूर्ण हवी, अशी अट ठेवा. मंजुरीचा खरा धाक याच अटीत असतो, कारण पुढचा भाग उघडण्याची गरज चालकाला असते. खोदकाम पूर्ण झाल्यावर त्याला कसलीच गरज उरत नाही.

भारतात प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी 2017च्या नियमांत खाण बंद करण्याचा, काम सुरू असतानाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा आणि अंतिम आराखडा असे दोन भाग आहेत. अंतिम आराखडा खाण बंद होण्याच्या दोन वर्षे आधी द्यावा लागतो. लहान खाणींच्या स्थानिक अटींमध्येही हाच विचार आणता येतो.

तपासणीला जाताना मंजूर नकाशा हातात घ्या आणि पाच गोष्टी पाहा: हद्दीचे खुंट जागेवर आहेत का, खोली मर्यादेत आहे का, मातीचे ढीग तेवढेच आहेत का, गाळ अडवणारे खड्डे भरून गेले आहेत का, आणि बाहेर जाणारे पाणी गढूळ आहे का. जाण्याचा दिवस मोठ्या पावसानंतरचा निवडा. कोरड्या दिवशी सगळ्या खाणी सारख्याच दिसतात.

इशारा: खाण "तात्पुरती बंद" आहे असे सांगून वर्षानुवर्षे काम पुढे ढकलले जाते. किती महिने काम थांबले की ती बंद धरली जाईल आणि पुनर्स्थापना सुरू करावी लागेल, ही मुदत परवान्यात आकड्यात लिहा.

## टप्पा 7: उतार आणि पाणी

आधी पाणी, मग उतार. वरून येणारे पाणी खड्ड्याच्या काठावर पोचण्याआधीच चराने वळवा. लांब उतार मधे आडव्या पायऱ्यांनी तोडा; सलग लांब उतारावर पाण्याला वेग येतो आणि घळी पडतात. पायऱ्यांचा कल आतल्या बाजूला ठेवा आणि त्यांतले पाणी दगड लावलेल्या ठरावीक वाटेनेच खाली उतरवा. चर समपातळीत आहेत का ते डोळ्यांनी ठरवू नका, उपकरणाने मोजा.

उपसा थांबल्यावर भूजल परत वर येते, आणि तेव्हा सैल भरीचा उतार घसरू शकतो. जर्मनीत नाख्टरश्टेट इथे 18 जुलै 2009 रोजी जुन्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत पाणी भरून तलाव केला जात असताना काठ कोसळला, घरे खाली गेली आणि तीन माणसे मेली. पाणी भरायचे असेल तर उताराच्या स्थैर्याची तपासणी भूतंत्र अभियंत्याकडून (माती-खडकाच्या मजबुतीचा हिशेब करणाऱ्याकडून) करून घ्या. पाणी अर्धे भरलेले असताना, पूर्ण भरल्यावर आणि पातळी झपाट्याने उतरली तर, अशा तिन्ही स्थितींसाठी.

तपासा: काठावर पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली सौम्य उताराचा पट्टा आहे का? खोल पाण्यातून थेट उभा कडा असेल तर पडलेल्याला बाहेर येता येत नाही.

## टप्पा 8: घट्टपणा मोडा, मग माती पसरा

अमेरिकेत 1977च्या कायद्यानंतर कोळसा खाणींच्या जमिनी भरून सपाट केल्या जाऊ लागल्या. दरडी कमी झाल्या, पण पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत बुलडोझरने पुन्हापुन्हा फिरून भर इतकी दाबली गेली की झाडे वाढेनात. पुढे तिथल्या वनतज्ज्ञांनी वेगळी रीत सुचवली: वरचा किमान 1.2 मीटरचा थर सैल ठेवायचा, यंत्राच्या फेऱ्या कमीत कमी करायच्या आणि झाडांना मागे टाकणारे दाट गवत पेरायचे नाही. गुळगुळीत पृष्ठभाग तपासनिसाला छान दिसतो, मुळांना मात्र तो फरशीसारखा लागतो.

क्रम असा ठेवा: भर टाकून झाल्यावर तिच्यावर कोरड्या दिवसांत रिपर (जमीन खोलवर फाडणारे लोखंडी दात) आडवा, उताराला काटकोनात चालवा. मग खालची माती पसरा. तीही दबली असेल तर पुन्हा मोकळी करा. शेवटी वरची माती टाका आणि तिच्यावर यंत्र फिरवू नका. डंपर एकाच ठरलेल्या वाटेने येतील, आणि शेवटी ती वाटही नांगरून मोकळी होईल, हे पाहा.

तपासा: मध्यम ओलाव्यात लोखंडी सळई हाताच्या जोराने जमिनीत घाला. वरच्या मातीखाली ती थांबली तर थर घट्ट आहे. दहा-वीस ठिकाणी करून पाहा आणि खोली लिहा.

माती कमी पडली तर सगळीकडे पातळ पसरू नका. काही पट्ट्यांत पूर्ण जाडी द्या, उरलेल्या जागी खालच्या मातीत कंपोस्ट मिसळून कमी गरजेच्या जाती लावा.

## टप्पा 9: लागवड

आधी मातीची परीक्षा करून सामू, नत्र, स्फुरद आणि क्षार पाहा. माल आम्ल असेल तर लागवडीपूर्वी चुना मिसळून वेळ द्या. शक्य असेल तर आराखड्याच्या सुरुवातीच्या वर्षांतच लहान चाचणी वाफे करून कोणत्या जाती टिकतात ते पाहून ठेवा.

एकाच झपाट्याने वाढणाऱ्या जातीने सगळी जमीन हिरवी करून दाखवण्याचा मोह टाळा. पहिल्या वर्षी धूप थांबवायला हलके गवत आणि शेंगवर्गीय झुडपे, त्यांच्यात तिथल्याच मूळ जातींची रोपे, असे मिश्रण जास्त टिकते. परकी, पसरणारी जात एकदा बसली की काढता येत नाही.

## टप्पा 10: मोजणी आणि हमी सोडणे

रोपे लावली की काम झाले असे धरून हमी परत देणे ही शेवटची आणि फार वेळा होणारी चूक. पहिल्या वर्षीची हिरवळ पाण्यावर आणि खतावर उभी असते. कॅलिफोर्नियात सिंचन वापरले असेल तर ते बंद करून वनस्पती दोन वर्षे स्वतःच्या बळावर टिकलेल्या दाखवाव्या लागतात, मगच हमी सुटते. अमेरिकेच्या कोळसा कायद्यात शेवटच्या पेरणी-खत-सिंचनानंतर पाच वर्षांची जबाबदारी असते. वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तिथे दहा वर्षांची. ब्रिटनमध्ये स्थानिक नियोजन संस्था साधारण पाच वर्षांच्या देखभालीची अट घालतात.

रक्कम एकदम सोडू नका. अमेरिकेच्या कोळसा खाणींत भराव, उतार आणि निचरा पूर्ण झाल्यावर 60 टक्क्यांपर्यंत हमी सोडता येते, वनस्पती बसल्यावर आणखी काही, उरलेली पूर्ण मुदत संपल्यावर. चालकाला टप्प्याटप्प्याने पैसे मोकळे होतात आणि शेवटच्या कामासाठी संस्थेच्या हाती काही राहते. पद्धत दोघांच्या सोयीची आहे.

प्रत्येक टप्प्यावर मोजा: वनस्पतींनी झाकलेली जमीन किती टक्के, जिवंत रोपे दर हेक्टरी किती, जाती किती, घळी किती खोल. मोजणीच्या जागा आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. चांगला दिसणारा कोपरा निवडू नका. विहिरींची पातळी टप्पा 2 मधल्या नोंदीशी ताडून पाहा. शेवटच्या पाहणीला जमीनमालक आणि शेजारी यांना लेखी बोलावणे पाठवा आणि त्यांचे आक्षेप आल्यावर, त्यांवर लेखी उत्तर देऊनच उरलेली हमी सोडा. आम्ल खडक कुठे पुरला आहे, भर किती खोल आहे आणि कोणत्या पट्ट्यात जड बांधकाम करू नये, हे सांगणारा अंतिम नकाशा जमिनीच्या कायम दप्तराला जोडा, म्हणजे पुढचा मालक तिथे पाया खोदण्याआधी तो पाहील.